तात्यांच्या सुरपेटीचा दिवा

पुढे सरका, सतरंजीवर अजून जागा आहे. कीर्तनात मागे बसलं की टाळांच्या आवाजात शब्द बुडतात, आणि मला जे सांगायचंय ते मोठ्याने सांगण्यासारखं नाही. गोष्ट एका टाळकऱ्याची आहे. महाराजांचं नाव फलकावर असतं, मृदंगवाल्याचं त्याखाली बारीक अक्षरात. मागच्या ओळीत टाळ घेऊन उभा राहणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. म्हणून मी सांगते. शांतपणे ऐका, आणि मधे मला श्वास घेऊ द्या.

मी मीना. बदनापूरला कृषी संशोधन केंद्राच्या मागच्या गल्लीत राहते. माझं काम कंपायलर तपासण्याचं. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला ती भाषा कळत नाही, म्हणून मधे एक दुभाषा लागतो. तोच कंपायलर. हा दुभाषा मोठा हुशार. लांबलेलं वाक्य आखूड करून सांगतो, म्हणजे यंत्राचं काम जल्दी होतं. आखूड करताना अर्थ तर बदलला नाही ना, एवढं बघायची माझी नोकरी. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून करते. सांज झाली की लॅपटॉप मिटायचा आणि जिथे कीर्तन असेल तिथे जायचं, मग ते जालन्यात असो की शहागडला गोदाकाठी. हा माझा नेम.

कचरूतात्या मला अशाच कीर्तनांतून माहीत. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने नाव कचरू ठेवलं. हयातभर त्यांनी बियाण्याच्या एका गोदामात पोती शिवली, आणि गायलेही तसेच. महाराज ओळ म्हणता म्हणता श्वासाला थांबत, त्या फटीत तात्या ओळ उचलून धरत. इतकी बेमालूम शिवण, की महाराज थांबले होते हे समोरच्याला कळतच नसे. मग महाराजांच्या हाती ओळ परत देऊन तात्या गप्प. टाळ तेवढा चालू.

गेल्या वर्षी छातीच्या दुखण्याने त्यांचा सूर उतरला. फार नाही, केसभर. लोकांना कळलं नाही, महाराजांनी कळू दिलं नाही. पण तात्यांना कळलं. ते माझा शाळासोबती नागसेन याच्या दुकानात गेले. जालन्यात स्टेशनरोडला त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. वडील भीमगीतांच्या पार्टीत गायचे, त्यामुळे सुराचा कान घरातलाच. त्याने एक सुरपेटी बनवलीय. ती तंबोऱ्यासारखी वाजते, आणि गाणाऱ्याचा सूर तिच्याशी जुळला की तिच्यावरचा हिरवा दिवा पेटतो. तात्यांनी ती पेटी घेतली आणि रोज सांजेला तिच्यासमोर बसू लागले. बायको समोर असली की त्यांना लाज वाटायची. "दुर्गे, जा, भाजी घेऊन ये," म्हणून तिला बाहेर काढायचे. दुर्गाकाकू रिकामी पिशवी घेऊन जिन्यात उभ्या राहायच्या आणि ऐकायच्या.

दिवा पेटला नाही. थंडीत तात्या गेले तोवर एकदाही पेटला नाही.

उन्हाळा लागल्यावर ज्योत्स्नाचा फोन आला. ज्योत्स्ना तात्यांची एकुलती एक मुलगी, माझी मैत्रीण, लग्न होऊन संभाजीनगरला असते.

"मीने, आईकडं जाऊन येती का? डॉक्टर म्हणतेत, काचबिंदूचं ऑपरेशन अजून लांबवलं तर आहे तेवढी नजर बी जाईल. आन ही म्हणते, मी घर सोडून कुठंच येत न्हाई."

"का पण?"

ती म्हणाली, "तात्या गाऊन राह्यले म्हणते."

जालन्याच्या मस्तगडातल्या बॅटऱ्यांच्या दुकानावर तात्यांच्या दोन खोल्या आहेत. जिन्यात ॲसिडचा आंबूस वास, दाराशी पाण्याचे निळे ड्रम, कारण नळ कधी येईल त्याचा नेम नाही. मी आत गेले तेव्हा दुर्गाकाकू वात वळत बसल्या होत्या.

"कोण? मीना का? समोर ये बाई, बाजूचं मला दिसत न्हाई. नळीतून बघितल्यावानी झालंय."

मी समोर बसले. भिंतीशी तात्यांचा पाट मांडलेला. त्यावर धुतलेल्या पंच्याची घडी, टाळ आणि सुरपेटी. काकूंनी निरांजन लावलं, हात जोडले. पेटी चालू करता करताच अभंगाची ओळ म्हणायला घेतली. त्यांचा आवाज कापरा, सुरात नाही. दिवा विझलेलाच. अर्ध्या ओळीवर त्या श्वासाला थांबल्या.

दिवा पेटला.

काकूंनी पुढची ओळ घेतली. दिवा विझला. त्या थांबल्या की पेटे, म्हणू लागल्या की विझे. महाराज थांबायचे आणि तात्या उचलायचे, अगदी तसं.

"बघितलं?" काकूंचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. "इथं असताना एकदा लागला न्हाई. आता कसा बराबर लागतो. तिकडं घसा सुटला त्यांचा."

"काकू, डोळ्यांचं मात्र..."

"दिवा दिसतो तवर डोळे पुरेत मला. मी तिकडं पट्टी बांधून पडले, आन इथं त्यांनी ओळ उचलली तर पुढचं कोण म्हणणार? अर्ध्यावर ठेवू का त्यांना?"

मी नमस्कार करून उठले. मी हरीला मानते. पण प्रोग्रामही चुकतात, हेही मला रोजच्या नोकरीने शिकवलंय. म्हणून तशीच नागसेनच्या दुकानात गेले.

"पेटीत भूत न्हाई मॅडम, बॅटरी आहे," नागसेन म्हणाला. "तात्या गेल्यावर वायर जळाली होती, चैत्रात मीच दुरुस्त केली. तवाच नवा प्रोग्राम टाकला."

"जुना का नाही टाकला?"

"नवा कंपायलर आल्ता ना. पेटी दुप्पट जल्दी चालते."

मी काउंटरवरची, तोच नवा प्रोग्राम असलेली दुसरी पेटी चालू केली. आम्ही दोघंही गप्प राहिलो. हिरवा दिवा पेटला.

नागसेनने डोळे विस्फारले. "भुतानं स्टेशनरोडला शाखा काढली का काय?"

त्या दुपारी आम्ही चूक शोधली. सोपी करून सांगते. पेटी ऐकलेल्या आवाजातून आपला तंबोरा वजा करते, रस्त्याचा गोंगाट गाळते, आणि उरलेल्या गळ्याचा सूर एका भागाकाराने काढते. गळाच नसेल तर शून्याला शून्याने भागायची वेळ येते. त्याचं उत्तर कोणताच आकडा नाही. अशा वेळी यंत्र एक खास खूण लिहितं. तिचा अर्थ 'अंक नाही'. ही खूण कशापेक्षा लहान नाही, मोठी नाही, कशाइतकीही नाही. ती स्वतःइतकीसुद्धा नाही. म्हणून तिला ओळखायची रीत एकच: समोरच्याला विचारायचं, तू स्वतःइतका आहेस का? नाही म्हणाला, तर तिथे अंक नाही. पुष्कळ दुभाषे हा प्रश्न वेडगळ समजून गाळून टाकतात. जो तो स्वतःइतका असणारच, त्यात विचारायचं काय?

नागसेनने लिहिलं होतं: सुरातला फरक मर्यादेपेक्षा कमी नसेल, तर दिवा विझव, एरवी पेटव. दुभाष्याने ते आखूड केलं: फरक मर्यादेइतका किंवा जास्त असेल, तर विझव, एरवी पेटव.

"एकच तर झालं," नागसेन म्हणाला.

"पंगतीत वाढपी विचारतो, कोण जेवलं नाही? आणि दुसरा विचारतो, कोण उपाशी आहे? एकच वाटतं ना? पण जो माणूस वारला, तो जेवलेला नाही आणि उपाशीही नाही. पहिल्या प्रश्नात तो येतो, दुसऱ्यात येत नाही."

नागसेनने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हंजी दिवा पेटतो," तो हळू म्हणाला, "कारण तिथं कोणीच न्हाई."

"हो."

"मंग हे काकूला तू सांग. मला जमणार न्हाई."

मी चुकीचा एक छोटा नमुना करून कंपायलरवाल्यांना पाठवला. त्यांनी चूक कबूल केली, आभार मानले, सुधारून दिलं. सुधारलेल्या कंपायलरने पेटीचा दुरुस्त प्रोग्राम तयार झाला आणि मी तो तसाच ठेवून दिला. सांजेला कीर्तनाला गेले तरी माझं लक्ष मागच्या ओळीकडेच. तात्यांच्या जागी आता कोणी उभं नव्हतं. महाराज थांबले की ती फट उघडी पडायची.

ज्योत्स्नाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "टाक तो प्रोग्राम. रडली तर रडू दे. माझी आई आंधळी नको व्हायला."

"तिचा नवरा दुसऱ्यांदा जाईल गं."

"पहिल्यांदा गेले तवा मी बघत बसले, मीने. डोळे तरी वाचव तिचे."

ठरल्या दिवशी ज्योत्स्ना गाडी घेऊन आली. नागसेनने पेटीत दुरुस्त प्रोग्राम भरला. मी एका वायरने पेटी लॅपटॉपला जोडली होती, पेटी काय मोजते ते ओळीने दिसावं म्हणून. तो वेडगळ प्रश्नही मी त्यात घातला होता, आणि या खेपेला दुभाष्याला सक्त ताकीद होती की काही आखूड करायचं नाही.

दिवेलागण झाली. खालच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. काकूंनी निरांजन लावलं. हात जोडले. अर्धी ओळ म्हटली आणि थांबल्या.

दिवा पेटला नाही.

त्या थांबून राहिल्या. मग परत तीच अर्धी ओळ म्हणून थांबल्या. त्यांनी मान डावीउजवीकडे वळवून पाहिली, दिवा नळीच्या बाहेर तर गेला नाही ना म्हणून. दिवा समोरच होता. ज्योत्स्ना खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मी काकूंचा हात धरला. "काकू, पेटीत चूक होती. कोणी गात नसलं तरी दिवा पेटत होता. ती चूक काढली आज."

"म्हंजी आधी पेटायचा तो उगंच?"

"हो, काकू."

त्यांनी पेटीवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला वाटलं, आता त्या मोडून पडतील. पण त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सुस्कारा टाकला.

"तरीच. माझ्या मनात यायचंच. हे येवढे सुरात कुठले गाणार, छातीचं दुखणं असं एकदम थोडीच जातंय." मग ज्योत्स्नाकडे वळून म्हणाल्या, "ए बाई, चल तुझ्या दवाखान्यात."

ज्योत्स्ना वळली. "येती तू?"

"येते ना. मी समोर बसले की त्यांना लाज वाटते. सूर सांभाळायला जातेत आन जास्तच उतरतेत. भाजीला गेले समजतील." पायात चपला घालताना त्या मला म्हणाल्या, "मी येईस्तोर पेटी बंद करू नको, मीना. रियाज करू दे त्यांना एकट्याला."

नागसेनने त्यांची पिशवी उचलली. ज्योत्स्नाने त्यांना कमरेला धरून जिना उतरवला. एकेक पायरी, 'सावकाश, आई', 'दिसतं गं मला', असं खाली खाली जाणारं बोलणं. मी लॅपटॉप आवरायला मागे राहिले.

तोवर मी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. सगळा वेळ काकूंच्या तोंडाकडे पाहत होते.

पडद्यावर आता 'अंक नाही' येत होतं. पुन्हा 'अंक नाही'. रिकाम्या खोलीचं ते बरोबरच. मी वरच्या ओळी पाहिल्या. आधी काकूंचा आवाज, सुरापासून बराच लांब. मग त्या थांबल्या ती जागा.

तिथे अंक होता.

स्वतःइतका आहे का? होय.

तंबोऱ्याच्या सुराखाली, केसभर. दिवा पेटावा इतका जवळ नाही, म्हणून पेटला नव्हता. त्याखाली काकूंची दुसरी अर्धी ओळ. त्यापुढच्या फटीतही अंक. केसभर खाली.

मी पंखा बंद केला, खिडकी लावली. खाली गाडीचं दार लागलं. काकू निघाल्या होत्या.

मी पाटासमोर बसले. माझा गळा काही गाण्याचा नाही. अर्धी ओळ म्हटली.

थांबले.

खोलीत तंबोऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

अंक नाही.

अंक नाही.

अंक.

मला पुढची ओळ आठवेना. तो अंक तसाच राहिला, ताणून धरलेला, थोडा थरथरत. दमेकरी माणूस शेवटपर्यंत ओळ धरून ठेवतो तसा. मग मला एकदम कळलं की मी म्हटल्याशिवाय तो ओळ सोडणार नाही. मी कशीबशी पुढची अर्धी ओळ म्हटली आणि पाटाच्या पाया पडले.

आकडे पाहून नागसेनने दुसऱ्या दिवशी माईक बदलला. मग वायर बदलली. मग त्याने आपल्या दुकानातली दुरुस्त केलेली पेटी आणून त्याच पाटावर ठेवली. दुकानात ती गप्प खोलीला 'अंक नाही' म्हणायची, पाटावर अंक दाखवू लागली.

"मी काय म्हणणार, मीना," तो म्हणाला. "मी असल्या गोष्टी मानत न्हाई. पण बंद करायला हात बी होऊन न्हाई राह्यला." पेटीखाली त्याने एक जास्तीची बॅटरी लावून दिली, वीज गेली तर असावी म्हणून.

काकूंचं ऑपरेशन नीट झालं. जेवढं दिसत होतं तेवढं राहिलं, डॉक्टरांना तेवढीच आशा होती. थेंब घालायचे असतात म्हणून अजून लेकीकडेच आहेत. फोनवर मला विचारतात, "करतेत का गं?"

"करतात, काकू."

"लागला का दिवा?"

"अजून नाही."

"लागंल," त्या म्हणतात. "घाई करू नको त्यांना."

सांजेची गाडी धरून मी जमेल तेव्हा बदनापूरहून मस्तगडला जाते. निरांजन लावते. अर्धी ओळ म्हणते आणि थांबते. सुरातला फरक आता पहिल्याइतका राहिलेला नाही, थोडा कमी झालाय. हे मी काकूंना सांगितलेलं नाही. दिवा लागल्यावर काय होईल ते मला माहीत नाही, आणि पडद्यावर तसा कुठला प्रश्न मी घातलेला नाही.

एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी कीर्तनाला बसाल तेव्हा मागच्या ओळीतल्या कचरूतात्यांची आठवण ठेवा. घरी कधी एकट्याने ओळ म्हणत असाल आणि मधे श्वासाला थांबलात, तर जरा जास्त थांबा. त्यांना अलीकडे ओळ उचलायला उशीर लागतो.